पेटी, पोस्टकार्ड आणि वैनगंगा

1 नोव्हेंबर 1956 रोजी बालाघाटची राजधानी बदलली. सिनेमाचं सर्किट मात्र होतं तेच राहिलं.

त्याआधी बालाघाटची वाट नागपूरला जायची. 1867 साली झालेला हा जिल्हा जुन्या मध्य प्रांतात नागपूर विभागातच मोडत असे, नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांद्याच्या जोडीने. राज्य पुनर्रचनेत ही भावंडं मुंबई राज्यात गेली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि त्याची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. सिनेमाच्या धंद्याने या वाटणीची दखलच घेतली नाही. त्या धंद्याचा नकाशा वेगळा: निजाम, सीआय, सीपी-बेरार. यातलं निजामाचं राज्य गेलं, सेंट्रल इंडिया एजन्सी गेली, मध्य प्रांत-वऱ्हाडही गेला. पण आजही शुक्रवारी नवा चित्रपट लागला की गल्ल्याचे आकडे याच नावांखाली मांडले जातात. विदर्भ, छत्तीसगड आणि जबलपूरकडचा महाकोशल, हे सगळं मिळून सीपी-बेरार. वितरकांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं ठाणं भुसावळला, आणि सीपी-बेरारच्या वितरकांच्या कचेऱ्यांची पेठ अमरावतीला. बालाघाटकराने कोणता सिनेमा कधी बघायचा, याचा निर्णय भोपाळात होत नसे. तो वऱ्हाडात व्हायचा.

निर्णयाचा अर्थ साधा होता. पेटी कधी मिळणार? पेटी म्हणजे चित्रपटाच्या रिळांचा पत्र्याचा डबा. प्रिंटा मोजक्याच निघायच्या, त्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या, घासून झाल्या की तालुक्याच्या गावांकडे वळायच्या. बालाघाटला पडद्यावर दिसणाऱ्या नायिकेच्या चेहऱ्यावर पाऊस पडत असे तो कथेतला नव्हे, रिळावरच्या ओरखड्यांचा. मुंबईचा समीक्षक ज्या चित्रपटाबद्दल लिहून विसरला असेल, त्याबद्दल इथला प्रेक्षक पहिल्यांदा तोंड उघडणार. शिळं झालेलं मत कोण छापणार?

त्यामुळे आडगावच्या चाहत्याची मतं कुठे नोंदलीच गेली नाहीत. नोंद राहिली ती तिकीटबारीची. वितरकाला माणसाचं म्हणणं नको होतं, त्याचे आणे हवे होते. पानटपरीवर कुणी दिलीपकुमारला डोक्यावर घेतलं नि कुणी देव आनंदला, हे अमरावतीच्या वहीत कशाला येईल?

एका बाबतीत मात्र बालाघाट मुंबईच्या बरोबरीला होतं. गाणं पेटीतून येत नसे, हवेतून येई. नागपूर आकाशवाणी 1948 साली सुरू झाली होती, आणि मध्यम लहरींना राज्याची सीमा कळत नाही. पण 1952 मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुण्याच्या शास्त्रीय संगीतप्रेमी गृहस्थांकडे आलं आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई फिरवून लघुलहरींवर सिलोन गाठलं. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सुरुवातीला सात गाणी वाजत. त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, जुळला तर बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. इतकी पत्रं उघडणंच आवाक्याबाहेर गेलं, म्हणून स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. तिच्यासाठी रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचं म्हणणंही धरलं जाऊ लागलं.

चाहत्याचं मत पहिल्यांदा मोजलं गेलं ते इथे, पोस्टकार्डावर. केसकरांना हे अपेक्षित नसणार. 1953 च्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं 'अनारकली'तलं होतं, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. पुण्याच्या एका माणसाने बंद केलेलं दार पुणतांब्याच्या दुसऱ्याने सिलोनमार्गे उघडलं, असं म्हणायला हरकत नाही. शेवटी आकाशवाणीलाही 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती काढावी लागली.

फर्माईश करणाऱ्या गावांची नावं तेव्हापासून कानात बसली. झुमरीतलैया तर म्हणीसारखंच झालं. त्याच्या मागोमाग राजनांदगाव, भाटापारा. यांतली शेवटची दोन गावं सीपी-बेरार सर्किटातलीच, हावड्याच्या रेल्वेमार्गावरची. राजनांदगावहून आलेली गाडी पुढे गोंदियाला थांबते आणि तिथून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. झुमरीतलैया अभ्रकाच्या खाणींचं, भाटापारा भाताच्या गिरण्यांचं. बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजची खाण आहे नि भात तर जिल्हाभर. पाळी संपल्यावर रेडिओला कान लावणारी वस्ती आणि पेटीसाठी थांबावं लागणारं थिएटर, फर्माईशीचं पीक अशाच जमिनीत येतं. चित्रपट पाहायच्या कितीतरी आधी त्याच्या गाण्यांबद्दल इथल्या माणसाचं मत पक्कं झालेलं असे. पडद्यावर नायक ते गाणं म्हणायला लागला की हा आधीच निवाडा देऊन बसलेला.

ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना आणखी एक खिडकी होती, बाबूराव पटेलांची. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव 1935 पासून 'फिल्मइंडिया' काढत. देशभरातले वाचक त्यांना वाटेल ते प्रश्न विचारत आणि ते वाटेल तशी उत्तरं देत. तेच सदर लोक आधी उघडत. त्यांच्या परीक्षणांनी निर्मात्यांची झोप उडायची. स्वतः मात्र पत्नी सुशीलाराणींना घेऊन काढलेले 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' हे दोन्ही चित्रपट पडले, तेव्हा हिशेब फिटला म्हणणारे कमी नसतील. हे गृहस्थ 1967 साली लोकसभेवर निवडून गेले ते मुंबईहून नव्हे, मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून, जनसंघाच्या तिकिटावर.

आता उरलं ते वैनगंगेचं प्रकरण. यात बालाघाटकराचं मत हे नुसतं चाहत्याचं मत राहत नाही, साक्षीदाराचं होतं.

किपलिंगचं 'जंगल बुक' 1894 चं. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने ते अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये बसून लिहिलं. मोगलीचं रान म्हणून त्याने निवडलेला सिवनीचा मुलूख त्याने पाहिलेला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेलच्या 1877 सालच्या सिवनीवरच्या पुस्तकाचा त्याला आधार होता. शेरखान म्हशींच्या पायाखाली तुडवला जातो ती घळ वैनगंगेची. गोष्टीतलं खान्हीवारा म्हणजे सिवनी जिल्ह्यातलं कान्हीवाडा. सिवनीतून निघालेली वैनगंगा बालाघाटला वळसा घालून भंडाऱ्याकडे जाते, म्हणजे जगभरच्या पोरांनी ऐकलेली नदी इथल्या पोरांच्या पोहायची. मोगलीच्या टोळीवर चालून येणारे तांबडे रानकुत्रे किपलिंगने दख्खनमधून आणले आहेत. मराठी वाचकाने हे जरा मनाला लावून घ्यावं.

या रानात वाढलेल्या माणसाला पुस्तकातल्या खोडी सहज दिसतात. बालू हे किपलिंगचं झोपाळू तपकिरी अस्वल. कान्ह्याच्या जंगलातलं मोहफुलांवर ताव मारणारं अस्वल काळंकुट्ट असतं. डिस्नेने तर 1967 च्या कार्टूनपटात कमालच केली, माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान बसवला. तो प्राणी भारतात नाही. हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही, बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरचा कुठलाही गुराखी पुरे. हॉलिवूडला ही चूक मान्य व्हायला 49 वर्षं लागली: 2016 च्या चित्रपटात जॉन फॅवरोने त्या राजाचा नामशेष झालेला महाकाय वानर केला. तो सिनेमाही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बनला, पण भारतात अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला. पेटीची वाट बघणाऱ्यांना हा न्याय उशिरा का होईना मिळाला.

मधल्या काळात मोगली दूरदर्शनवर आला होता. जपानी बनावटीची ती कार्टून मालिका 1993 मध्ये रविवारी सकाळी लागे, शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची. शेरखानचा आवाज मुरुडच्या नाना पाटेकरांचा. इंग्रज लेखक, जपानी चित्रकार, मुरुडचा वाघ आणि वैनगंगेची नदी: या मालिकेबद्दल तक्रार करणारा माणूस शोधून सापडायचा नाही. नानांचा शेरखान इतका डोक्यात बसला की 2016 च्या हिंदी आवृत्तीलाही त्यांनाच बोलवावं लागलं.

बालाघाटच्या जंगलात कॅमेरा खरोखर आला तो 2020 मध्ये, अमित मसुरकरांच्या 'शेरनी'साठी. विद्या बालन त्यात वनाधिकारी आहे आणि माणसं मारणाऱ्या वाघिणीच्या मागावर सगळं गाव, राजकारणी आणि शिकारी आहेत. तो पाहताना यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीची अनेकांना आठवण झाली. ती 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीला बळी पडली होती. विदर्भाची आठवण करून देणारी गोष्ट बालाघाटच्या सागवानात, म्हणजे जुन्या नागपूर विभागातच, चित्रित झाली. या रानाबद्दल बाहेरच्यांनी जे जे काढलं त्यात हा सिनेमा सगळ्यात खरा वाटतो. जंगल इथे देखावा नाही, फायली आणि कुरणांच्या भांडणांसकट जंगल आहे.

'शेरनी' 18 जून 2021 रोजी थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. थिएटरात लागलाच नाही, त्यामुळे सीपी-बेरारच्या वहीत त्याचा एकही आकडा नाही.