पहाटे १:५२ : साठ किलोच्या रोबोचे शेवटचे सतरा तास

पवईच्या आयआयटीत १९९८ पासून ‘टेकफेस्ट’ भरतो. त्यातल्या ‘रोबोवॉर्स’ला सर्वांत जास्त गर्दी असते, कारण तिथे ६० किलोपर्यंतची यंत्रे पिंजऱ्यात सोडतात आणि ती एकमेकांना फाडतात. इंग्लंड-अमेरिकेत हेवीवेट गट याहून मोठा, १०० ते ११३ किलोंचा असतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक वेळा ६० किलो हाच हेवीवेट.

खालचा घटनाक्रम अशाच एका संघाचा आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची पाच मुले, वाळूज एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एका शेडचा उसना घेतलेला कोपरा, डिसेंबरची थंडी आणि पहाटे चारला पवईकडे निघणारा टेम्पो. संघ आणि रात्र कल्पित आहेत. यंत्रशास्त्र, आकडे आणि बॅटरीचे वागणे खरे आहे. पहिला मोठा रोबो बांधणाऱ्याच्या हातून चुका याच क्रमाने होतात.

सकाळी ९:०० (१७ तास बाकी)

रोबो तराजूवर चढतो. काटा दाखवतो ६३.४ किलो.

संगणकावर तो बरोबर ५९.८ किलोचा होता. पण संगणकावर वेल्डचे वजन नसते, वायर नसते, बोल्टची डोकी नसतात. नवख्या संघाने चित्रातच चार-पाच किलो हातचे राखावेत. ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठातले प्राध्यापक मार्को मेजियोलारो यांनी लढाऊ रोबोंवर मोठे मार्गदर्शक पुस्तक लिहिले आहे. त्यातला वजनवाटपाचा ठोकताळा सोपा आहे : चाके आणि त्यांच्या मोटारींना ३० टक्के, शस्त्राला ३०, सांगाडा-चिलखताला २५, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सला १५.

आता साडेतीन किलो उतरवायचे कुठून? शस्त्राला कोणी हात लावत नाही, कारण शस्त्र हीच शान. बॅटरीच्या कप्प्यावरची पोलादी प्लेट निघते आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसतो. शस्त्र जागच्या जागी अडकवून ठेवणारी लॉकची ब्रॅकेटही निघते. “पवईला तात्पुरती लावू,” असे ठरते.

सकाळी ११:३० (साडेचौदा तास)

हीट ट्रीटमेंटहून बार येतो. हेच शस्त्र : ९० सेंटिमीटर लांब, १८ किलो वजनाचा, ईएन-२४ पोलादाचा आडवा फिरणारा बार.

देताना मुलांनी सांगितले होते, “जितका हार्ड होईल तितका करा.” कारखान्याने ऐकले. कडकपणा ५० एचआरसीच्या वर गेला. फाइल त्यावरून घसरते, म्हणून मुले खूश. पण असे पोलाद वाकत नाही, तुटते. धक्का खाणाऱ्या बारला चिवटपणा हवा. त्यासाठी टेम्परिंग करून कडकपणा चाळिशीत आणावा लागतो. शिवाय मधल्या खाचेचे आतले कोपरे लेझर कटिंगने काटकोनात कापलेत. ताण नेमका अशा कोपऱ्यात साठतो. तिथे गोलाई ठेवायला खर्च शून्य होता, चित्र काढतानाच ती द्यायची.

तडा आहे का ते पाहायला डाय पेनिट्रंट चाचणी असते. लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. वाळूजच्या कोणत्याही फोर्जिंगवाल्याकडे ही सोय आहे. तासाभराचे काम. मुलांकडे तास नाही.

दुपारी २:०० (बारा तास)

हबला सहा बोल्ट लागतात, १२.९ ग्रेडचे. हातात चारच. उरलेले दोन नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून येतात. त्यांच्या डोक्यावर ८.८ कोरले आहे. पहिल्या ग्रेडची तुटण्याची मर्यादा साधारण १२०० मेगापास्कल, दुसऱ्याची ८००. सहाही बोल्ट दिसायला सारखेच काळे. थ्रेडलॉकर लावले जाते, पण ते पूर्ण घट्ट धरायला जवळपास एक दिवस लागतो हे बाटलीवरच लिहिलेले असते.

दुपारी ४:३० (साडेनऊ तास)

शेडमधले फिटरमामा चहा घेऊन येतात. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या मागोमाग इथे प्रेस शॉप, फोर्जिंग, मशिनिंगची शेकडो युनिटे उभी राहिली. मामांचे सगळे आयुष्य त्यांतच गेले. ते बारकडे बघतात आणि विचारतात, “पोरांनो, याला गार्ड कुठंय?”

मुले हसतात. लढाईच्या यंत्राला कसला गार्ड?

प्रश्न मात्र बरोबर होता. बार मिनिटाला २५०० फेरे घेतो तेव्हा त्यात सुमारे ४१ हजार ज्यूल ऊर्जा असते. १२०० किलोची मोटारगाडी ताशी ३० किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात तेवढीच ऊर्जा असते. बारच्या टोकाचा वेग ताशी ४२० किलोमीटरच्या पुढे जातो. पवईत ही ऊर्जा अडवायला पोलादी चौकट आणि जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती असतात. इथे चाचणीसाठी मुलांनी दोन लाकडी टेबले आडवी पाडून ठेवलीत.

मामा पुढे सांगतात, “पॉवर प्रेसला दोन बटनं का असतात? दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. तुमचे हात कुठं राहणार, ते आधी ठरवा.” चहा संपतो. विषयही संपतो.

सायंकाळी ७:०० (सात तास)

वायरिंग. नियमांप्रमाणे रोबोला बाहेरून ओढून काढता येईल अशी पॉवर लिंक हवी. ती काढली की सगळे यंत्र मृत. लिंकचा कनेक्टर कुरिअरमध्ये अडकलाय. मग बॅटरी आतूनच थेट जोडली जाते आणि वर आठ स्क्रूंचे झाकण बसते. आता रोबो बंद करायचा तर आठ स्क्रू खोलायचे.

त्यानंतर रिमोट आणि रिसीव्हरची जोडणी, म्हणजे बाइंडिंग. सिग्नल तुटला तर काय करायचे हे रिसीव्हरला इथे शिकवले जाते. अनेक रिसीव्हर बाइंडिंगच्या क्षणी स्टिक जिथे असेल तीच स्थिती फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. शस्त्राची स्टिक त्या वेळी खाली नव्हती. कोणाच्या लक्षात आले नाही.

हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. शस्त्राचा बेल्ट काढायचा, रोबो ठोकळ्यांवर ठेवून चाके अधांतरी करायची, मोटारी हळू फिरवायच्या आणि रिमोट बंद करायचा. सगळे थांबले तर फेलसेफ आहे. काहीही फिरत राहिले तर नाही.

रात्री ९:१५ (पावणेपाच तास)

लिथियम-पॉलिमर बॅटरीचे दोन पॅक चार्जिंगला. प्रत्येकात सहा सेल, दोन्ही मिळून ४४.४ व्होल्ट. एका पॅकचे पोट फुगले आहे. फुगलेला पॅक बाद करायचा असतो, कारण आत वायू साठलेला असतो. मुले त्याला चिकटपट्टी गुंडाळतात. वेळ वाचावा म्हणून चार्जरचा अ‍ॅम्पिअर दुप्पट केला जातो. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये, ३ च्या खाली उतरू देऊ नये, प्रत्येक सेलवर वेगळी नजर राहील असे बॅलन्स चार्जिंग करावे, ही तिन्ही वाक्ये पाठ असतात. ती सकाळी आठवतात, रात्री नाही.

चार्जर लाकडी पॅलेटवर आहे. शेजारी पुसायच्या चिंध्या आणि थिनरचा डबा. शेडला एकच शटर, आणि चार्जिंग शटरजवळच.

वाळूजकरांना यापुढे काही सांगायची गरज नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे याच औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी ६ जणांचा जीव गेला. बंद शेड, रात्रीची वेळ आणि आत माणसे : या तीन गोष्टी एकत्र आल्या की आगीचे कारण कोणतेही असो, हिशेब माणसांच्या विरोधात जातो. बॅटरी शेडबाहेर, धातूच्या पेटीत, जागत्या माणसासमोरच चार्ज व्हायला हवी.

रात्री १०:३० (साडेतीन तास)

मामा निघतात. “आज राहू द्या. उजेडात करा,” एवढेच बोलून जातात. थंडी वाजते म्हणून मुले शटर निम्मे खाली ओढतात.

रात्री ११:४५ (दोन तास)

बार बसलेला, लॉक नाही, आणि झाकण उघडून एक मुलगा बॅटरी जोडतो. त्याचा चेहरा बारपासून हातभर अंतरावर आहे. काहीच होत नाही.

सबंध रात्रीतला सर्वांत धोक्याचा धडा हाच. चूक केली आणि काही झाले नाही, की माणूस ती चूक पद्धत म्हणून स्वीकारतो. यापुढे कोणी लॉकची आठवण काढत नाही.

मध्यरात्री १२:३० (दीड तासापेक्षा कमी)

पहिली चाचणी, मिनिटाला सुमारे ८०० फेरे. थोडी थरथर जाणवते, बाकी ठीक. टाळ्या पडतात.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८०० फेऱ्यांवर बारमध्ये पूर्ण वेगाच्या जेमतेम दहावा हिस्सा ऊर्जा होती. पूर्ण वेगाबद्दल या चाचणीने काहीच सांगितले नाही, आणि मुलांना वाटले सगळे सांगितले. थरथर म्हणजे बारचा समतोल बिघडलेला होता. थांबण्याची सूचना हीच होती.

पहाटे १:४० (बारा मिनिटे)

“एकदाच फुल.” रिमोट एकाच्या हातात, दुसरा मोबाइलवर व्हिडिओ घेतोय, तिसरा टेबलामागे वाकलेला, दोघे शटरपाशी. कोण कुठे उभे राहील हे कोणी ठरवलेले नाही, जो तो जिथे दिसेल तिथे उभा आहे.

पहाटे १:५२

बार वेग घेतो, आवाज वाढत जातो. थरथरीने रिसीव्हरची अँटेना निसटते आणि सिग्नल तुटतो. रिमोटवाला स्टिक खाली ओढतो, पण बार थांबत नाही, कारण रिसीव्हरला संध्याकाळी सातला जे शिकवले तेच तो पाळतो आहे.

रोबो सरकत लेथच्या पायाला भिडतो. बार खाचेच्या काटकोनी कोपऱ्यात तुटतो. तुटलेला तुकडा टेबलाची फळी फोडून एका मुलाच्या पोटरीला चाटून जातो आणि मागच्या पत्र्यातून बाहेर पडतो. एका बाजूला जड झालेला उरलेला बार हबला हिसके देतो. आधी ८.८ चे दोन बोल्ट जातात, मग बाकीचे. सुटलेला बार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा फाडून बॅटरीत घुसतो. पांढरा धूर येतो, मग ज्वाळा.

पावडरचा अग्निशामक ज्वाळा दाबतो, पण सेल आतून पेटतच राहतात. धूर विषारी असतो. मुले निम्म्या शटरखालून जखमी मित्राला ओढत बाहेर येतात. पाचही जण वाचतात. रोबो, लेथ आणि शेडचा कोपरा जळतो.

पहाटे ४:००

टेम्पो येतो आणि रिकामा परत जातो.

आता उलटे मोजू

अपघात १:५२ ला झाला असे पंचनाम्यात लिहिले जाईल. खरे तर तो सकाळी ९ पासून हप्त्याहप्त्याने होत होता. लॉक, खाच, बोल्ट, गार्ड, लिंक, फेलसेफ, फुगलेला पॅक : सात ठिकाणी थांबता आले असते. यांतली एकही चूक अज्ञानाची म्हणता येणार नाही. बहुतेक गोष्टी मुलांना माहीत होत्या, उरलेल्या मामांनी सांगितल्या. प्रत्येक वेळी टेम्पोची वेळ जिंकली.

म्हणून नवख्यांसाठी सल्ला थोडकाच.

पहिला रोबो साठ किलोचा नको. १५ किलोच्या किंवा त्याहून लहान गटात एक-दोन हंगाम काढा. साठमध्ये उतरालच तर पहिल्या वर्षी फिरते शस्त्र टाळा. उतरत्या पाचरीचा, मजबूत चाकांचा रोबोही लढती जिंकतो, आणि तुटला तरी माणसाच्या अंगावर येत नाही.

स्पर्धेच्या चार दिवस आधी रोबो पूर्ण हवा. नसेल तर त्या वर्षी प्रेक्षक म्हणून जा.

चालू करण्याचा क्रम भिंतीवर लिहा : शस्त्राला लॉक, अनावश्यक माणसे बाहेर, रिमोट चालू, मग लिंक, सर्वांत शेवटी लॉक काढून स्वतः बाहेर आणि दार बंद. बंद करताना शस्त्र पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे, मग लॉक, मग लिंक, रिमोट सर्वांत शेवटी. पूर्ण वेगाची चाचणी पिंजऱ्याबाहेर कधीही नाही.

वाळूजमधल्या उद्योजकांनी आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून एक पोलादी चाचणी पिंजरा उभारायला हरकत नाही. पोलाद इथे आहे, वेल्डर इथे आहेत, यंत्राला घाबरायचे कसे हे जाणणारे फिटरही इथेच आहेत.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री संघाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. लॉक कुठे आहे? लिंक किती सेकंदांत निघते? रिमोट बंद केल्यावर काय फिरत राहते? एकाचेही उत्तर देताना अडखळलात तर टेम्पोवाल्याला फोन करा आणि त्याला येऊ नको म्हणून सांगा.