अपुरी झोप, वाढता विसर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला बोलता बोलता ओळखीचे नाव आठवेनासे झाले, गाडीची किल्ली रोज नव्याने शोधावी लागू लागली, आताच वाचलेले पान पुन्हा वाचावे लागले, की मनात पहिली शंका येते ती स्मृतिभ्रंशाची आणि हात जातो तो जीवनसत्त्वांच्या बाटलीकडे. रात्री आपण किती आणि कसे झोपतो, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. अमेरिकेतील मराठी घरांत तर त्याला आणखी एक पदर आहे. भारतातील सहकाऱ्यांबरोबर रात्री साडेनऊ-दहाला सुरू होणाऱ्या बैठका, त्यानंतर डोळ्यांपुढे तासभर फोन आणि सकाळी सहाला मुलांच्या शाळेची घाई, या चक्रात सहा तासांच्या आत संपणारी झोप कित्येकांच्या अंगवळणी पडलेली असते. औषधांच्या दुकानात मात्र 'स्मरणशक्ती' आणि 'निद्रा' असे शब्द मिरवणाऱ्या बाटल्यांनी अख्खे कप्पे भरलेले असतात. यांतील कोणत्या गोळीचा खरोखर उपयोग आहे आणि कोणासाठी, हे समजून घेणे पैशांपुरते महत्त्वाचे नाही. चुकीच्या गोळीमागे घालवलेल्या वर्षांत बरा होण्याजोगा विकार कायमचा होऊन बसू शकतो.

झोपेत स्मरणाचे काय होते

झोप आणि स्मरण यांच्या नात्याचा अभ्यास शंभर वर्षांचा जुना आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठातील जेनकिन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. पाठांतरानंतर झोपल्यावर जितके विसरले जाई, त्याहून कितीतरी अधिक तितकाच वेळ जागे राहिल्यावर विसरले जाई. पुढील संशोधनाने त्याची कारणमीमांसा केली. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग दिवसभराच्या अनुभवांची जणू कच्ची वही असतो. गाढ झोपेत या वहीतील नोंदी पुन्हा पुन्हा उजळल्या जातात आणि मेंदूच्या बाह्यस्तरात हळूहळू स्थिरावतात. ही झोप तुटली की नोंद कच्चीच राहते. शिवाय झोप अपुरी असेल तर दुसऱ्या दिवशी लक्ष वारंवार निसटते आणि जे लक्षपूर्वक ऐकलेच नाही त्याची नोंद होतच नाही. किल्ली कोठे ठेवली हे आपण 'विसरलो' असे म्हणतो, परंतु अनेकदा ती ठेवताना मन तेथे नव्हतेच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक व्यग्र माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. ४८ निरोगी प्रौढांपैकी काहींना सलग १४ रात्री चार, काहींना सहा, तर काहींना आठ तास अंथरुणात राहू दिले गेले. काहींना सलग तीन रात्री जागवले गेले. रोज सहा किंवा त्याहून कमी तास मिळालेल्यांची कामगिरी दोन आठवड्यांत इतकी खालावली की ती एक-दोन रात्री संपूर्ण जागरण केलेल्या माणसाच्या तोडीची झाली. खरी मेख पुढेच आहे. या मंडळींना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलेले आहोत असे वाटत होते. 'मला सहा तास पुरतात' असे ठामपणे सांगणाऱ्याच्या साक्षीवर त्यामुळे फारसे विसंबता येत नाही.

दीर्घकालीन परिणामांबाबत ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. सुमारे आठ हजार लोकांच्या या पाहणीत पन्नाशी ते सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ब-१२ : मराठी घरांचा खरा प्रश्न

सर्व जीवनसत्त्वांत विसराळूपणाशी ज्याचा संबंध निर्विवाद आहे आणि आपल्या समाजाला ज्याची झळ विशेष बसते, ते म्हणजे ब-१२. मज्जातंतूंवरील संरक्षक आवरण टिकवण्यास आणि रक्तपेशी तयार होण्यास ते लागते. ते निसर्गतः केवळ प्राणिज पदार्थांत मिळते. शाकाहारी माणसाचा सारा भरवसा दूध, दही, ताक आणि पनीर यांवर असतो. प्रौढाची दैनंदिन गरज २.४ मायक्रोग्रॅम आहे आणि एक कप दुधातून त्याच्या सुमारे निम्मे मिळते. चहातल्या चार चमचे दुधाने ती भागत नाही. अलीकडे अनेक घरांत गाईच्या दुधाऐवजी बदामाचे किंवा ओटचे 'दूध' येऊ लागले आहे. त्यात कारखान्यात मुद्दाम ब-१२ मिसळले नसेल, तर या बाबतीत ते पाण्याहून वेगळे नाही.

ही कमतरता किती व्यापक आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. ग्रामीण भाग, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची त्यांनी तपासणी केली. ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. सुखवस्तू, शिकलेल्या, पोटभर जेवणाऱ्या वर्गात ते सर्वांत अधिक असावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे. परदेशी स्थायिक झालेली मराठी मंडळी मोठ्या प्रमाणात याच वर्गातून आलेली आहेत आणि ताटातल्या सवयी विमानात बसताना मागे राहत नाहीत.

आहाराखेरीज आणखी दोन कारणे आपल्या घरांत सर्रास असतात. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर ब-१२ चे शोषण कमी होते. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनीही तसेच होते, कारण अन्नातील ब-१२ मोकळे होण्यास जठरातील आम्लाची गरज असते. वयोमानानेही हे आम्ल घटते. सत्तरीचे शाकाहारी, मधुमेही आणि रोज सकाळी पित्ताची गोळी घेणारे आजोबा म्हणजे या सर्व कारणांचा संगमच.

लक्षणे फसवी असतात: थकवा, चिडचिड, विसराळूपणा, मन एकाग्र न होणे. झोप अपुरी झालेल्या माणसाची तक्रारही हीच असते, म्हणून एकाच्या मागे दुसरे सहज लपते. हातापायांना मुंग्या, तळपाय बधिर वाटणे, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे ही लक्षणे असतील तर संशय बळावतो. हिमोग्लोबिन उत्तम आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. फॉलिक ॲसिड पुरेसे मिळत असेल तर रक्तक्षय दिसत नाही, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. आणि अमेरिकेत १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे बंधनकारक आहे. वेळेत उपचार झाले तर विसराळूपणा आणि मुंग्या बऱ्याच अंशी निवळतात. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही.

तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. रक्तातील पातळी दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानतात. २०० ते ३०० या संदिग्ध पट्ट्यात मिथाइलमॅलोनिक ॲसिडची चाचणी निवाडा करते. चाचणीपूर्वीच गोळ्या सुरू केल्या तर आकडा फुगतो आणि मूळ स्थिती कळत नाही, म्हणून आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. उपचारात रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा इंजेक्शन देतात. गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची असताना इतकी मोठी मात्रा का, असे अनेकांना वाटते. शोषणाचा नेहमीचा मार्ग बंद असला तरी मोठ्या मात्रेतील एखादा टक्का आतड्यातून आपोआप शिरतो, हे त्याचे कारण.

लोह आणि बेचैन पाय

रात्री आडवे होताच पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, ही तक्रार स्त्रियांत अधिक आढळते आणि 'वाताचा त्रास' म्हणून सोडून दिली जाते. अशा रुग्णांत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, जरूर तपासतात. तो ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, जरी प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा 'सामान्य' छापलेला असला तरी. गोळीने झोप सुधारते आणि झोपेमुळे डोके हलके होते, असे घडण्याचे हे एक खरे उदाहरण आहे.

कमतरता नसताना

शरीरात पुरेसे जीवनसत्त्व असताना वरून आणखी घातल्याने स्मरण सुधारते का? उत्तर सरळ नाही. सुमारे सहा हजार वयस्क पुरुष डॉक्टरांना १२ वर्षे बहुजीवनसत्त्वाची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. २०१३ साली निष्कर्ष आला की बौद्धिक क्षमतेत फरक नाही. उलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉसमॉस' अभ्यासात साठीपुढील साडेतीन हजार लोकांत शब्द आठवण्याच्या चाचणीत अल्पशी सुधारणा दिसली. या दोन्ही अभ्यासांचा विषय वार्धक्य हा होता. रोज पाच तास झोपणाऱ्याची भरपाई गोळीने होते का, हा नव्हता. झोपेची उणीव ही एखाद्या रेणूची उणीव नाही आणि ती कोणत्याही बाटलीत भरता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिंको वनस्पतीच्या अर्काचीही तीन हजारांहून अधिक वृद्धांवर परीक्षा झाली; २००८ च्या निष्कर्षानुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही.

अमेरिकी ग्राहकाने १९९४ चा आहारपूरकांचा कायदाही ध्यानात घ्यावा. त्यानुसार पूरक विकण्यापूर्वी त्याची परिणामकारकता अन्न व औषध प्रशासनापुढे सिद्ध करावी लागत नाही. मेलॅटोनिन हे जीवनसत्त्व नव्हे, संप्रेरक आहे; ब्रिटनमध्ये त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, येथे ते गोड चघळगोळ्यांच्या रूपात मिळते. २०२३ साली अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा २२ उत्पादनांत लेबलवरील मात्रा आणि प्रत्यक्ष मात्रा जुळली नाही. एकात तर मेलॅटोनिन मुळीच नव्हते. विमानप्रवासानंतर काही दिवस वेळ जुळवण्यास त्याचा उपयोग होतो, पण वर्षानुवर्षांच्या निद्रानाशावर ते उत्तर नाही. बाटलीवर 'यूएसपी' ही मोहर असेल तर आत लिहिलेलेच आहे इतपत खात्री मिळते. ते गुणकारी आहे याची नव्हे.

काही गोळ्या तर उलट्या उठतात. नावापुढे 'पीएम' असलेल्या वेदनाशामकांत डायफेनहायड्रामिन असते. त्याने गुंगी येते, परंतु वृद्धांत गोंधळ आणि विसर वाढतो. वृद्धांनी टाळावयाच्या औषधांच्या अमेरिकी यादीत त्याचे नाव आहे. ब-६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊन मुंग्या येतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी बी-कॉम्प्लेक्स सुरू केले तीच तक्रार बळावते. भारतातून आणलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तातील कॅल्शियम वाढून माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. आईवडील सहा महिन्यांसाठी येथे येतात तेव्हा त्यांच्या औषधांच्या पिशवीत ही पुडी आहे का आणि ती कशी घेतली जाते, हे मुलांनी एकदा पाहावे.

मग झोपेचे काय

'घोरतो म्हणजे गाढ झोपतो' हा आपल्याकडचा समज अतिशय घातक आहे. जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जागे होणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंग येणे ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. यात रात्रभर श्वास अडतो, प्राणवायू घटतो आणि झोप शेकडो तुकड्यांत विभागली जाते. माणसाला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. आशियाई लोकांत हा विकार तुलनेने कमी वजनातही आढळतो, त्यामुळे 'मी काही लठ्ठ नाही' हे उत्तर पुरेसे नाही. आता घरच्या घरी एका रात्रीत तपासणी होऊ शकते आणि सीपॅप यंत्राने अनेकांची दिवसाची तरतरी परत येते. झोपच येत नसेल, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ पासून औषधाआधी निद्रानाशासाठीची वर्तनचिकित्सा सुचवली आहे. ती काही आठवड्यांची असते. कंटाळवाणी वाटते, पण तिचा परिणाम गोळी थांबल्यावर संपणाऱ्या परिणामासारखा नसतो.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारणे, बँकेच्या नेहमीच्या व्यवहारात गफलती होणे, हे झोपेच्या खात्यावर मांडू नये. त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जावे आणि सोबत घरातील कोणीतरी असावे, कारण विसरणाऱ्याला आपण काय विसरलो हे सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि घेत असलेल्या सर्व बाटल्या, चूर्णे व काढे धरून, बरोबर न्याव्यात. ब-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि साखर या चाचण्यांबद्दल विचारावे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे, नाहीतर ती शोषली जात नाही. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते आणि त्याने थायरॉइडसह काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात. अशी गोळी घेत असाल तर ती रक्त देण्यापूर्वी किती दिवस बंद ठेवायची, हे भेटीची वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे.