रेव्हरंड टिळकांचें घर आणि बालकवि

नारायण वामन टिळक यांनीं सन १८९५ त ख्रिस्ती दीक्षा घेतली. तेव्हांपासून त्यांचें चरित्र धर्मांतराच्या वादांतच वाचण्याची आपणांस संवय जडली आहे. परंतु दुसऱ्यास धीर व आधार देणें हें ख्रिस्ती आचरणाचें जें अंग, तें त्यांच्या घरांत पाहावयास मिळतें. सन १९०७ च्या जळगांव कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या अवघ्या सोळा वर्षांच्या मुलास ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. पदवीनें पोट भरत नाहीं! टिळकांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रां’त त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या काव्यरसिकांइतक्याच इतिहासाभ्यासकांनींही वाचाव्या. ठोमरे सन १९१८ त वारले, ते हिंदु म्हणूनच.