‘हिरवा उजेड’: संपादकीय तळटीप

१७. लेखातली तिवरं शीळफाट्याहून मुंब्र्याकडे गेलं की पुढे खाडीकाठी लागतात. पण लेखातला ‘हिरवा उजेड’ त्यांच्या हरितद्रव्याचा नव्हे. निळ्या प्रकाशात हरितद्रव्य लाल चमकतं. नवखा निरीक्षक नेमका इथेच फसतो. हिरवं दिसतं ते फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी पानाच्या कापावर फ्लुओरेसिन डायअ‍ॅसिटेटचं द्रावण सोडतात. हे रसायन स्वतः चमकत नाही, मात्र पेशीपटलातून सहज आत शिरतं. आत एस्टरेज विकरं त्याचे अ‍ॅसिटेट गट छाटतात, आणि उरलेलं फ्लुओरेसिन विद्युतभारित असल्याने त्याला चटकन बाहेर पडता येत नाही. म्हणजे विकरं चालू हवीत आणि पटलही धड हवं. मेलेली पेशी काळीच राहते. परागकण जिवंत आहेत का, हे पाहण्यासाठी हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने १९७० साली ही पद्धत मांडली. खुद्द फ्लुओरेसिन आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्येच तयार केलं होतं. तिवराच्या पानाची वरची त्वचा जाड, म्हणून पातळ काप घ्यावाच लागतो. कापाच्या कडेच्या पेशी ब्लेडनेच मेलेल्या असतात. त्या काळ्या दिसल्या म्हणून झाडाला आजारी ठरवू नये.