शहराचा आजार, गावाचं मरण
मधुमेही रोग्यासाठी सुश्रुतसंहितेत सांगितलेला एक उपाय आजही थक्क करतो. ज्याच्याकडे पैसा नाही, गणगोत नाही, त्याने अनवाणी, छत्रीविना, एका गावी एकच रात्र मुक्काम करत शंभर योजने चालत जावं. कुणी शेत नांगरावं, कुणी विहीर खणावी. घाम गाळणाऱ्याच्या वाटेला हा आजार जात नाही, ही समजूत इतकी जुनी आहे.

इंग्रजी अमदानीत ती आणखी घट्ट झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याचे डॉक्टर मधुमेहावर लिहीत, तेव्हा त्यांच्यासमोर असत ते वकील, न्यायाधीश आणि कचेरीतले बाबू. खेड्यात रक्त तपासायला कुणी जातच नव्हतं.

स्वतंत्र भारतात ही तपासणी झाली. 1970च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यासह काही शहरांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत पाहणी केली. मधुमेहाचं प्रमाण शहरात 2.1 टक्के, खेड्यात 1.5 टक्के निघालं. दोन्ही आकडे लहान होते आणि देशापुढे तेव्हा हिवताप, क्षय, कुपोषण असे मोठे प्रश्न उभे होते.

खेड्याला जन्मजात कवच नाही, हे पुण्याजवळच्याच गावांनी दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993पासून सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, हडकुळ्या आयांची ही बाळं सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू; चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. पोटात असताना उपासमार सोसलेल्या अशा शरीराला पुढे भरपूर खाणं आणि कमी कष्ट मिळाले, की साखर वाढायला वेळ लागत नाही. आणि गावं तर बदलतच होती. मोटेच्या जागी पंप आला, पायवाटेवर मोटारसायकल आली. तंबाखू आणि मिश्री तर आधीपासून होतीच.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह शहरात 16.4 टक्के, तर गावात 8.9 टक्के आढळला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये मात्र शहर-गाव असा फरक जवळजवळ उरलेला नव्हता.

आजार अजूनही शहरात जास्त आहे. पण मधुमेहासोबत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो, आणि त्या मृत्यूंचं गणित वेगळं आहे. ते कळायला फार उशीर झाला, कारण गावातलं बहुतेक मरण घरीच होतं आणि डॉक्टरचा दाखला नसतो. जनगणना खात्याचे कर्मचारी घरोघर जाऊन नातेवाइकांना विचारू लागले, की छातीत दुखलं होतं का, दम लागला होता का. या उत्तरांवरून डॉक्टरांनी मृत्यूची कारणं ठरवली. दहा लाख मृत्यूंचा अभ्यास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामातून 2018 साली चित्र पुढे आलं: 2000 ते 2015 या काळात तिशी ते सत्तरीच्या आतल्या माणसांचे हृदयविकाराचे मृत्यू खेड्यांत वाढत गेले आणि त्यांनी शहरांना मागे टाकलं. आजार आधीच ठाऊक असलेल्या मृतांपैकी निदान निम्मे तरी नियमित औषध घेत नव्हते.

हे केवळ भारतात घडलेलं नाही. 17 देशांच्या एका अभ्यासातही (2014) शहरी लोकांमध्ये धोक्याची कारणं जास्त होती, पण झटका आल्यावर दगावण्याचं प्रमाण गावात अधिक होतं: सुमारे 17 टक्के, शहरात साडेतेरा. छातीतली कळ ‘पित्त झालंय’ म्हणून रात्रभर अंगावर काढली जाते. सकाळी गाडी मिळते, तोवर हृदयाचे स्नायू मेलेले असतात. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, तेव्हा पक्षाघात हे तिथलं सर्वांत मोठं कारण ठरलं. शंभर मृत्यूंपैकी 14 पक्षाघाताने झालेले होते, आणि त्यांतली बहुतेक माणसं घरीच दगावली.

पक्षाघाताचं एक मोठं कारण म्हणजे उच्च रक्तदाब. त्याची स्वस्त गोळी रोज मिळाली असती, तर यांतले कितीतरी जण वाचले असते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 साली सुरू झाला, त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. महिन्याभराच्या गोळ्या घराजवळच्या सरकारी केंद्रातच मिळाव्यात, अशी त्याची आखणी होती.