धाव आणि आरे

नाशिकमधल्या सातपूरच्या एका टायरवाल्याकडे परवा दोन टायर शेजारीशेजारी भिंतीला टेकवून ठेवले होते. दोन्हींवर माप एकच, २०५/५५ आर १६. किमतीत मात्र चांगलाच फरक. दुकानदार म्हणाले, "दोन्ही चांगलेच आहेत दादा, तुम्ही बघा." मी उकिडवा बसलो आणि मोबाईलच्या उजेडात टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचू लागलो. आत कशाचे किती थर आहेत, ते तिथं लिहिलेलं असतं. एकावर नायलॉन १ होतं, दुसऱ्यावर नायलॉन २. बाकी थर सारखेच. या एका थराची कुळकथा थेट बैलगाडीपर्यंत जाते.

बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला आपण धाव म्हणतो. इंग्रजीतला 'टायर' हा शब्द पोशाखावरून आला असं मानतात, म्हणजे चाकाला चढवलेलं वस्त्र. आपल्या माणसांनी त्या पट्टीला तिच्या कामाचंच नाव दिलं. मला आपलं नाव जास्त आवडतं.

धाव बसवताना ज्यानं पाहिलं असेल त्याला ते विसरता येणार नाही. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद करायची. बारा फूट घेराची पट्टी तेवढ्या उष्णतेनं साधारण इंचभर वाढते. मग चिमट्यांनी उचलून ती लाकडी चाकावर टाकायची, घणानं ठोकत खाली उतरवायची, लाकूड पेट घेतंय तोच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आवळतं, आणि तुंब्यात व घेरात सैल असलेले आरे करकर वाजत घट्ट बसतात. खिळा नसला तरी चालतो. धावेचं पहिलं काम रस्ता धरण्याचं नव्हतं, चाक फाकू न देण्याचं होतं.

रबर आणि हवा आली तेव्हा हे काम विसरलं गेलं. हवेच्या चाकाचं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्येच घेतलं होतं. ते इतकं विस्मरणात गेलं, की १८८८ मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्यानं शोधली आणि पुढे त्यांचं पेटंट थॉमसनमुळेच रद्द झालं. नंतरची पन्नाससाठ वर्षं टायरमधले धागे तिरपे, एकमेकांना छेद देत घातले जात. आपल्या ॲम्बेसेडरचं ५.९०-१५ आणि पद्मिनीचं ५.२०-१४ ही मापं त्याच घराण्यातली, म्हणून त्यांत 'आर' नाही. तिरपे थर चालताना एकमेकांवर घासतात आणि तापतात. जोरात पळणाऱ्या गाडीचा खरा शत्रू ही उष्णता.

मिशलिन कंपनीत मारियुस मिन्यॉल यांनी ही उष्णता कुठून येते हे पाहण्यासाठी एक विचित्र टायर बनवला. त्याच्या बाजूंना फक्त विरळ, सरळ तारा होत्या. सहकाऱ्यांनी त्याला 'माश्यांचा पिंजरा' म्हटलं. तो कमी तापला. १९४६ मध्ये त्या रचनेचं पेटंट झालं, १९४९ मध्ये मिशलिनचा 'एक्स' टायर बाजारात आला. 'आर' म्हणजे रेडियल. ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थ चाकाचा आरा. मराठी शास्त्रग्रंथांत रेडियलला 'अरीय' म्हणतात, तोही अर म्हणजे आरा यावरूनच. बाजूनं पाहिलं तर टायरमधले धागे खरोखर आऱ्यांसारखे, मधून बाहेर, उभे जातात. लाकडी आरे गेले आणि रबराच्या आत पुन्हा उगवले.

आरे आले की त्यांना आवळणारी धाव लागणारच. रेडियलमध्ये नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, पण फार वेगात तेही बाहेर फाकू पाहतात. मी हिशोब करून पाहिला. समृद्धी महामार्गावरच्या ताशी १२० किमी या मर्यादेत आपला २०५/५५ आर १६ सेकंदाला सतराएक फेरे घेतो, आणि नक्षीचा प्रत्येक कण स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३५० पट ओढीनं बाहेर खेचला जातो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. १९७४ च्या सुमारास पिरेलीनं लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी 'पी ७' हा रुंद, बुटका टायर केला. त्यात पोलादावरून नायलॉनचा धागा टायरच्या घेराला समांतर, थेट शून्य अंशात गुंडाळला. नायलॉन तापलं की आकसतं. लोहाराची धाव निवताना आवळते, ही तापताना आवळते. वेगवान टायरमधली धाव ती हीच.

 

पुन्हा माझ्या दोन टायरकडे येतो. नायलॉनचा एकच थर असलेल्या पहिल्यावर वेगाचं अक्षर व्ही, म्हणजे ताशी २४० किमी. दोन थरांच्या दुसऱ्यावर डब्ल्यू, म्हणजे २७०. झिजेचा अंक पहिल्यावर ४००, दुसऱ्यावर ३००. हा अंक मोठा तितका टायर जास्त टिकाऊ, पण तो कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना सैल हातानं करावी. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जाही फक्त सरळ ब्रेक लावून मोजलेला असतो, वळणावर टायर कसा वागेल ते त्यात येत नाही. आणि मला तर श्रावणात कसारा घाट उतरायचा असतो! पावसातली पकड मुख्यतः वरच्या रबरावर अवलंबून असते. १९९२ पासून मिशलिननं काजळीऐवजी सिलिका वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून एकच रबर सरळ रस्त्यावर कमी तापतं आणि ओल्यात नीट धरतं. दुसऱ्या टायरच्या माहितीपत्रकात सिलिकाचा उल्लेख होता, पहिल्याच्या नव्हता. मी दुसरा घेतला. चार-सहा महिने लवकर झिजेल, झिजू दे.

पोरानं रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, टायर चढवला आणि हवा सोडली. टायर हळूहळू फुगत गेला. मग आतली कड रिमच्या खोबणीत 'टप्प' करून बसली, आणि क्षणभरानं बाहेरची.