रिकाम्या कंसाची पन्नास वर्षे : सी भाषा, फंक्शन पॉइंटर आणि कम्पायलरचे इशारे

१/ सी भाषेत फंक्शन पॉइंटर घोषित करताना आर्ग्युमेंटांचा कंस रिकामा सोडला, की कम्पायलर इशारा देऊ शकतो. प्रोग्राम तर चालतो. मग तक्रार कसली? उत्तरासाठी पन्नास वर्षे मागे, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जावे लागते. #थ्रेड

२/ फंक्शन पॉइंटर म्हणजे फंक्शनचा स्मृतीतील पत्ता साठवणारे चल. केन थॉम्प्सन यांच्या ‘बी’ भाषेत प्रकारभेदच नव्हता. संख्या असो वा पत्ता, सारे एकाच मापाचे.

३/ डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात ‘बी’मधून ‘सी’ घडवली आणि तिला प्रकार दिले. घोषणेचे रूप वापरासारखेच असावे, हे त्यांचे तत्त्व. म्हणूनच पॉइंटरच्या नावाभोवती तारांकनासह कंस येतो. तो गाळला, तर अर्थ होतो ‘पॉइंटर परत देणारे फंक्शन’.

४/ मात्र फंक्शन काय परत देते एवढेच घोषणेत असे; काय घेते, ते नसे. कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकातही हीच रीत. रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीच घेत नाही’ असा नव्हता. ‘काय घेते ते सांगितलेले नाही’ असा होता.

५/ परिणामी आर्ग्युमेंट चुकले तरी कम्पायलर मौन राही. ती तपासणी स्टीफन जॉन्सन यांच्या ‘लिंट’ या स्वतंत्र प्रोग्रामकडे होती. कपड्याला चिकटलेले तंतू वेचावेत, तसे तो कोडमधील दोष वेची.

६/ उपाय आला ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप यांच्या सी++ कडून : आर्ग्युमेंटांचे प्रकार घोषणेतच सांगणारा प्रोटोटाइप. १९८३ मध्ये नेमलेल्या अमेरिकी समितीने १९८९ च्या प्रमाणकात तो स्वीकारला. काहीच न घेणाऱ्या फंक्शनसाठी कंसात ‘व्हॉइड’ लिहावे, असे ठरले. पण जुना कोड मोडू नये म्हणून रिकामा कंसही, कालबाह्यतेचा शेरा मारून, टिकवला गेला.

७/ प्रोटोटाइपमुळे विसंगती उघड दिसू लागली. ‘क्यूसॉर्ट’ला दिलेल्या तुलना-फंक्शनने दोन ‘कॉन्स्ट व्हॉइड’ पॉइंटर घ्यावेत, असा करार आहे. अनेक जण पूर्णांकांचे पॉइंटर घेणारे फंक्शन लिहितात आणि इशारा आला, की कास्ट करून त्याचे तोंड बंद करतात.

८/ इशारा जातो, दोष राहतो. विसंगत प्रकारच्या पॉइंटरमधून फंक्शन बोलावले, तर काय घडेल याची हमी प्रमाणक देत नाही. बहुतेक यंत्रांवर ते निभावते. वेबअसेम्ब्लीत मात्र पॉइंटरमधून बोलावताना रचना ताडली जाते. आर्ग्युमेंटांची संख्या जुळली नाही, तर प्रोग्राम तिथेच थांबतो.

९/ निर्दोष मार्ग सोपा आहे. फंक्शन कराराबरहुकूम लिहावे आणि पॉइंटरचे रूपांतर फंक्शनच्या आत करावे. पॉइंटरच्या प्रकाराला ‘टाइपडेफ’ने नाव द्यावे. काहीच घ्यायचे नसेल, तर ‘व्हॉइड’ लिहावे.

१०/ अखेर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी२३’ प्रमाणकाने रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीच घेत नाही’ असा निश्चित केला. २०२५ च्या जीसीसी १५ ने तेच मूळ गृहीत धरले. रिकाम्या कंसाच्या पॉइंटरमध्ये आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन ठेवणारा जुना कोड आता इशाऱ्यावर सुटत नाही. त्रुटी येऊन अडतो. ज्यांनी इशारा ऐकून कंस वेळीच भरला, त्यांच्या कोडला या बदलाचा धक्काही लागला नाही.